नग एकेचाळीस

भवानी पेठ, सोलापूर
मंगळवार, ता. ९ जानेवारी १९३४

दादा,

अक्षर ओळखलं असशील. ओळखून लगेच चुलीत टाकू नकोस, वाचून मग टाक. सव्वादोन वर्षं झाली, मी तुला ओळ लिहिली नाही आणि तूही नाही. ह्यांच्या तेराव्याला तू ओसरीवर उभा राहून मामंजींना सांगितलंस, "वच्छीला मी पुण्याला शिकायला नेणार." मामंजी तुला काय बोलले ते तुझ्या लक्षात असेलच. मग तू दाराशी येऊन मला तीनदा विचारलंस, "येतेस की नाही?" मी फरशीकडे बघत राहिले. तू टोपी घालून निघून गेलास.

का आले नाही ते तेव्हा सांगता आलं नाही, आज सांगते. आदल्या रात्रीच मामंजींनी मला बसवून शांतपणे सांगितलं होतं, "जायचं तर जा. पण एकटीने. शकू या घराची आहे. या घराला बट्टा लागेल असं काही तुझ्या हातून झालं, तरी हेच." शकू तेव्हा चार वर्षांची होती रे. माझ्या पदराला धरून झोपायची.

आता सहाची आहे. अजून पदराला धरूनच झोपते. आणि तोच बट्टा आता एका भिंतीवर लटकला आहे.

रेल्वे लाइनीकडच्या बंगल्यात होल्ट मडम म्हणून एक बाई राहत. दर गुरुवारी त्या बायकांना शिवणकाम शिकवायच्या. घरातले सदरे घरीच होतील म्हणून मामंजींनी मला जाऊ दिलं. मडम भरतकामाचे नमुनेही काढायला लावत. तिथे मी एक चित्र काढलं. चित्र कसलं, वीतभर फळी. तू स्लेटवर चार रेघा ओढून "झालं चित्र" म्हणायचास आणि आप्पांचा मार खायचास, तसलंच. मडमना ते आवडलं. त्यांनी फळीच्या मागे इंग्रजीत माझं नाव लिहिलं, आडनावासकट, आणि वर कागद चिकटवून, चौकट करवून भिंतीला लावलं. मी नको नको म्हणत होते. म्हणाल्या, काढणाऱ्याचं नाव हवंच.

मडम आजारी पडून विलायतेला गेल्या. रविवारी ता. २१ ला त्यांच्या सामानाचा लिलाव आहे. सामानाची मराठी यादी करायचं काम कोणाकडे आलं असेल? मामंजींकडे! कचेरीतून पेन्शनीत निघाल्यापासून त्यांना असलं काही मिळालं की ते खूश असतात. रोज बंगल्यावर जातात आणि एकेक वस्तू उलटीपालटी करून बघतात, मागचा कागद सुटायचाच अवकाश. मामंजींना इंग्रजी येतं, दादा.

तू ये. लिलावात उभा राहा आणि ते चित्र घेऊन जा. दुसरं काही मागत नाही. उत्तर आमच्या घरी पाठवू नकोस. भांडी घासायला येते त्या मायाक्काचा पत्ता खाली लिहिते, तिच्याकडे पाठव.

वच्छला

*

शनिवार, ता. १३ जानेवारी, भोगी

दादा,

तुझं उत्तर नाही. टपाल दोन दिवसांत पोचतं हे मला ठाऊक आहे, म्हणजे तू मुद्दाम थांबला आहेस.

काल संध्याकाळी मामंजींनी यादी घरी आणली आणि झोपाळ्यावर बसून मोठ्याने वाचायला लागले. सासूबाई भोगीच्या भाजीचे हरभरे सोलत होत्या, मी तीळ निवडत होते. "नग एकोणचाळीस, वेताची खुर्ची, एक पाय लंगडा. नग चाळीस, कपबशा, पैकी दोन कान तुटलेल्या." मग थांबले.

"याला काय लिहावं गं?" सासूबाईंना विचारतात. "इंग्रजीत 'शिष्येने काढलेले लहान चित्र' एवढंच आहे. चित्र म्हणावं तर डोंगर नाही, झाड नाही, बाई नाही, बुवा नाही. सगळी फळी पांढरी, आणि वरच्या अंगाला एक तांबडा डाग. पान खाऊन कोणी पिचकारी मारावी तसा."

सासूबाई म्हणाल्या, "भिंतीला लावलं होतं ते? मडमेचं डोकं आधीपासूनच बरं नसणार."

मामंजी हसले. मीही हसले. हसायला नको का? चोराच्या मनात चांदणं, न हसणारीच पकडली जाते.

"कोण बरं ही शिष्या?" मामंजी म्हणाले. "वच्छे, तू जात होतीस की तिथे. कोणी काढलं?"

मी म्हटलं, "पुष्कळ जणी यायच्या."

मग त्यांनी यादीची स्वच्छ प्रत करायला मलाच बसवलं. माझं अक्षर बरं, ही माझी आणखी एक चूक. मी लिहीत गेले. चाळीस लिहिलं आणि एकेचाळीस सोडून बेचाळीस लिहिलं. वाटलं, यादीत नसेल तर लिलावात पुकारणार नाहीत, पडून राहील, कोणी जाळून टाकील. मामंजींनी प्रत हातात घेतली, बोट फिरवत आले आणि बोट थांबलं.

"चाळिसानंतर एकदम बेचाळीस?"

"चुकले."

"तू चुकत नाहीस. आणि हात का थरथरतोय?"

"थंडी आहे," मी म्हटलं. चुलीपाशी बसून!

शेवटी माझ्याच हाताने लिहिलं: नग एकेचाळीस. चित्र लहान, चौकटीसह. काही काढलेले नाही.

आता जे मागच्या पत्रात लिहिलं नाही ते लिहिते. ती फळी मडमची नव्हे. माझ्या फणेरपेटीतली आहे. फणी, आरसा, कुंकवाचा करंडा ठेवायची ती शिसवी पेटी तू लग्नात पाहिली असशील. मुळात ती सासूबाईंच्या आईची, त्यांनी मला लग्नात दिली. आतल्या कप्प्यांवर सरकती फळी होती, उचलायला पितळी गोंडा. हे गेल्यावर पेटी माळ्यावर गेली. मी गोंडा काढून फळी तेवढी घेतली. मला गुळगुळीत काहीतरी हवं होतं. गोंड्याचं भोक आहे तिला, आणि मागच्या बाजूला एका कोपऱ्यावर समईने भाजल्याचा काळा डाग. सासूबाई लहान असताना त्यांच्याच हातून पडला होता. मला दहा वेळा सांगितलंय त्यांनी.

म्हणजे मामंजींना नाव वाचता येईल आणि सासूबाईंना फळी. आता तरी ये.

वच्छला

*

बुधवार, ता. १७ जानेवारी

दादा,

कार्ड पाठवलंस! उघडं कार्ड! अरे, पाकिटाला काय सोनं लागतं?

मायाक्काला वाचता येत नाही, म्हणून पोस्टमननेच तिला वाचून दाखवलं. सकाळी भांड्यांशी बसून मला म्हणते, "तुमचा भाऊ लई रागात हाय की, बाय. पोस्टमननं वाचलं अन् समद्या गल्लीनं ऐकलं. 'तुझी भीती हीच तुझी हौस झाली आहे, रजा नाही,' आसं लिवलंय. व्हय का?" सासूबाई आत देवघरात होत्या. मी नळाचं पाणी मोठं सोडलं.

गड्ड्याच्या यात्रेला सगळं सोलापूर लोटलंय. शकूला पाळण्यात बसायचं होतं. मामंजी तिला घेऊन गेले आणि मी घरात एकटी बसून तुझं कार्ड वाचत राहिले. "बाईने चित्र काढलं म्हणून कोण खातंय?" असं विचारतोस. बरोबर आहे तुझं. चित्र काढलं म्हणून कोणी खाणार नाही. फळी घेतली म्हणून सासूबाई चार दिवस अबोला धरतील, बस. ज्याला भ्यायचं ते मी तुला लिहिलंच नाही. मला वाटलं होतं लिहावं लागणार नाही.

तो डाग रंगाचा नाही. कुंकू आहे. माझं कुंकू.

हे गेले तेव्हा माझ्या करंड्यात कुंकू उरलं होतं. सासूबाई म्हणाल्या, तुळशीत टाक. मी टाकलं नाही. कागदाची पुडी करून ट्रंकेत तळाला ठेवली. का, ते विचारू नकोस, मला सांगता येणार नाही. गेल्या श्रावणातल्या एका गुरुवारी दुसऱ्या कोणी बायका आल्या नव्हत्या. मडम आत पत्रं लिहीत होत्या. मी फळीला खळ आणि खडूची भुकटी लावून पांढरी केली होती, त्यावर वेल काढायची होती. पुडी कनवटीला होती. मी पाण्यात डिंक कालवला, त्यात कुंकू कालवलं. शिवणाच्या मशीनजवळ आरसा होता.

मी कपाळाला लावलं, दादा. विधवेने. रामाचं नाव तीनदा घेता येईल एवढा वेळ आरशात बघितलं. मग बाहेर कोणाची तरी पावलं वाजली. पुसायला पदर घेतला असता तर पदर तांबडा झाला असता. समोर फळी होती. मी तिच्यावर कपाळ टेकलं आणि दाबलं.

माळी होता. पाणी घालून निघून गेला.

मडम बाहेर आल्या तेव्हा मी ओल्या चिंधीने कपाळ पुसत होते आणि फळी मांडीवर होती. त्या किती तरी वेळ बघत राहिल्या. त्यांना सगळं कळलं की काहीच नाही, देव जाणे. एवढंच म्हणाल्या, "यात आता काही घालू नकोस." मी वेल काढली नाही.

भिंतीवर माझं कपाळ लटकलंय, मागे माझं नाव आहे, आणि सासरे त्याची यादी करताहेत. आता तरी याला हौस म्हणू नकोस. त्यांनी विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही, माझ्या तोंडावर दिसतं. ते आरडाओरडा करणार नाहीत. शांतपणे माझी ट्रंक ओसरीवर ठेवतील आणि शकूला आत नेतील. मला रोज डोळ्यांपुढे तेच दिसतं. पोरीला खोकला झाला तरी वाटतं, तिथे हिला गरम पाणी कोण देईल. तिथे म्हणजे इथेच, मी नसताना.

रविवारी सकाळी नऊला. तुझ्या पाया पडते.

वच्छी

*

रविवार, ता. २१ जानेवारी, संध्याकाळ

तू आला नाहीस.

मी जाऊ शकत नव्हते, म्हणून मायाक्काला पाठवलं. स्वस्तात पातेलं मिळेल म्हणून ती तशीही जाणार होती. तिने येऊन सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते, माझी बुद्धी चालत नाही.

"लिलाववाल्यानं ते फळकूट वर धरलं, बाय, अन् समदी हसाया लागली. कोन म्हनलं, उलटं धरलंय, सुलटं धर. त्यानं सुलटं केलं तरी तसंच! परत हसली. कुनी बोली बोलंना. मग करकंबचा एक बागायतदार हाय, हिंदुराव, घोडागाडी घ्याया आलता. त्यो फुडं आला, बगितलं, अन् त्यानं पागोटंच काढलं की. म्हनला, हसताय काय? ही देवी हाय. आमच्या शिवारातली आई अशीच हाय, तिला नाक न्हाय, डोळं न्हाय, नुसतं कुकू. मडमेनं देवी भितीला टांगली अन् तुमी तिचा बाजार मांडलाय व्हय?"

लगेच, म्हणे, एक म्हातारी पुढे आली आणि फळीपुढे वाकली. मग दुसरी. लिलाववाला बावरला, त्याने मामंजींकडे बघितलं. मामंजी आठ दिवस त्याच फळीला पानाची पिचकारी म्हणत होते. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी जोडे काढले, लिलाववाल्यापुढे सव्वा रुपया ठेवला आणि म्हणाले, "देवाचा लिलाव होत नसतो. मी माझ्या देवघरात नेतो."

आणि नेलं, दादा. म्हणजे आणलं. या घरात! दुपारी बाराच्या भोंग्याला ते उपरण्यात गुंडाळून दारात उभे होते. "वच्छे, बाजूला हो," म्हणाले, "सावली पडू देऊ नकोस." मी बाजूला झाले. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि ते देव्हाऱ्यात मधोमध ठेवलं, अन्नपूर्णेच्या शेजारी.

केस ठेवलेत म्हणून माझ्या हातचं पाणी या देवांना चालत नाही, हे तुला ठाऊक आहे. आणि माझं कपाळ तिथे बसलंय. हे पाप कोणाला लागतं रे? मला लागू दे. पण शकूलाही हात जोडायला लावले. तिने डोळे मिटून, "देवी, मला बुद्धी दे," म्हटलं.

चौकट अजून तशीच आहे. मागचा कागदही.

*

सोमवार, ता. २२, रथसप्तमी, दुपार

आज शेवटचं हळदीकुंकू. देवी घरी आली हे पेठेत पसरलंय, त्यामुळे दरवर्षी दहा येतात तिथे आज तीस आल्या. मी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराच्या दाराआड. तिथून देव्हारा दिसतो.

एकेक सवाष्ण आत जाते, वाकते, आधी देवीला हळद लावते, मग कुंकू. त्याच जागी. बोट टेकवतात ते मला इथे जाणवतं, दोन भुवयांच्या मध्ये. मी हात लावून पाहिला, कपाळ कोरडंच होतं. असं वाटतंय मी ओरडेन, नाहीतर हसेन.

आत्ताच कोणीतरी सासूबाईंना म्हणालं, "अंबुबाई, मडमेची चौकट तरी काढा, विटाळाची ती." सासूबाई म्हणाल्या, "सगळ्या गेल्या की काढते." मामंजी ओसरीवर वाचत बसलेत. कागद फाटला की पहिलं दिसणार ते माझं नाव.

बायका निघाल्या. शकूला मी जवळ बसवून घेतलंय, ती तिळगूळ खातेय. मी पळून जावं म्हणते, पण ओसरीवरूनच जावं लागतं.

खिळे उपसल्याचा आवाज. आता आवाज थांबला.

सासूबाई देवघरातून बाहेर आल्या. माझ्याकडे न बघता शिडी चढून माळ्यावर गेल्या. फणेरपेटी आहे तिथे. हाक मारताहेत

*

बुधवार, ता. २४ जानेवारी

दादा,

वरचं पत्र तसंच ठेवलं होतं. आता सगळं एकदम लिहिते.

सासूबाईंनी फणेरपेटी खाली आणली, देवघराचं दार लोटून घेतलं आणि माझ्यासमोर ती फळी पेटीत सरकवली. बसली. बसणारच. भोकावर बोट ठेवलं, मग भाजलेल्या डागावर. मग मागची अक्षरं दाखवली.

"हे काय लिहिलंय?"

"माझं नाव."

"कुंकू कुणाचं?"

"माझं. करंड्यातलं. तुळशीत टाकलं नव्हतं."

"बोटाने लावलेलं दिसत नाही हे."

त्या माझ्या कपाळाकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता मामंजींना हाक मारणार. मी शकूचे कपडे कुठे ठेवलेत ते मनात मोजत होते, म्हणजे सांगता येईल.

"किती वेळ ठेवलंस?"

"रामाचं नाव तीनदा घेईपर्यंत."

"एवढंच?" सासूबाई म्हणाल्या. मग पदर तोंडात कोंबून रडायला लागल्या. मुलगा गेला तेव्हा त्या माझ्यापुढे रडल्या नव्हत्या. मला म्हणायच्या, तुझ्यामुळे, तुझ्या पायगुणामुळे. मी त्यांना हात लावला नाही. तेवढं धैर्य झालं नाही.

बाहेरून मामंजींचा आवाज आला, "अगं, चौकट निघाली का? आण इकडे, मागे काय आहे बघू दे."



सासूबाईंनी डोळे पुसले. देव्हाऱ्याखालचं पिवळं खणाचं कापड ओढलं, वाटीत हळद आणि कणकेची खळ कालवली आणि नावावर थापून त्यावर कापड चिकटवलं. सगळं फटाफट, पोळी लाटावी तसं. आणि ओरडून सांगितलं, "मागे काही नाही. मी वस्त्र लावलंय देवीला. ओलं आहे, आता हात लावायचा नाही कोणी. आणि पुन्हा कधी काढायचं नाही."

"बरं बरं," मामंजी म्हणाले आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं.

मग फणेरपेटी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "माळ्यावर नेऊन ठेव. फळी नसली तरी पेटी शकूच्या लग्नाला होईल." दुसरं काही बोलल्या नाहीत. कालही नाही, आजही नाही. जेवताना वाढतात, शकूला ओरडतात, मला विहिणीसारखं टाळतात. पुढे कधी बोलतील का, की एक दिवस अचानक सगळं मामंजींसमोर ओततील, मला सांगता येत नाही. भीती गेलेली नाही, दादा. फक्त आता ती घरात दोघींना आहे असं वाटतं.

तू ये म्हणत नाही. आलास तर जोडे बाहेर काढ आणि देवघरात नमस्कार कर, सगळे करतात. हसू नकोस मात्र. तिथे मी आहे.

आज सकाळी सासूबाई पूजेला बसल्या होत्या. मी दाराबाहेर उभी होते, पाणी भरलेली कळशी कमरेवर होती. त्यांनी सगळ्या देवांना गंध लावलं आणि करंडा उघडला. चिमूट घेतली आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. मग फळीकडे वळून अगदी सावकाश, मुलीला लावावं तसं, कुंकू लावलं.

मी दाराबाहेरच कपाळ पुढे केलं होतं.

तुझी,
वच्छी